४ एप्रिलचं पत्र

मी काम करते त्या औषधांच्या दुकानात दाराशेजारी काही वर्षं एक मोठं पिंप ठेवलेलं होतं. पाण्याच्या, दुधाच्या, फळांच्या रसाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं लोक त्यात आणून टाकायचे. पाचशे झाकणं म्हणजे साधारण एक किलो, आणि एक किलो प्लास्टिक विकून पोलिओच्या एका लशीचा खर्च निघतो, असा हिशेब पिंपावर चिकटवलेला होता. २०१४ ते २०१९ अशी पाच वर्षं ही मोहीम जर्मनीभर चालली. म्युनिकच्या दक्षिणेला असलेल्या आमच्या या छोट्याशा गावात तर शाळेतली पोरं दप्तरातून झाकणं आणायची आणि 'झालं का ओ पाचशे?' असं मलाच विचारायची.

पिंपावरचं रोटरी क्लबचं चिन्ह मी लहानपणापासून ओळखत होते. चोवीस दातांचं, सहा आऱ्यांचं चाक. कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सफारीच्या खिशावर तेच असायचं. अण्णाही औषधवालेच. पल्स पोलिओच्या रविवारी दुकान भावावर सोपवून बर्फाची पेटी घेऊन ते एस.टी. स्टँडवरच्या बूथवर बसायचे, आणि दुपारी घरी आले की करंगळीला शाई नसलेलं एखादं पोर गल्लीत दिसतंय का ते बघायचे. ज्या वर्षी इथे हे पिंप आलं त्याच वर्षीच्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. हे मी आमच्या मालकीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना अण्णांचा फोटो हवा झाला. त्या इथल्या रोटरी क्लबच्या सदस्य, आणि क्लबातल्या पहिल्या बाई. त्यांच्यामुळे मी पाहुणी म्हणून क्लबच्या काही जेवणांना गेले, आणि त्यातल्याच एका जेवणाला इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक बोलायला आले होते. विषय होता, जर्मनीतल्या सेवाभावी क्लबांचं १९३३ साली काय झालं. त्या दिवसापासून मी यावर मिळेल ते वाचते आहे.

आधी थोडं मागे जाते. रोटरी सुरू झाली शिकागोत, २३ फेब्रुवारी १९०५ ला. पॉल हॅरिस हा वकील आणि त्याचे तीन मित्र डिअरबॉर्न रस्त्यावरच्या एका इमारतीत, खोली क्रमांक ७११ मध्ये जमले. त्या तिघांतले दोघे, गुस्ताव लोअर आणि सिल्व्हेस्टर शिले, आडनावांवरूनच जर्मन वळणाचे. तरी खुद्द जर्मनीत क्लब निघायला बावीस वर्षं गेली. मधे पहिलं महायुद्ध झालं होतं. फ्रान्स-बेल्जियमच्या सदस्यांना कालच्या शत्रूबरोबर एका टेबलावर बसणं इतक्या लवकर जमणार नव्हतं. माद्रिद, मिलान, व्हिएन्ना झालं, आणि मग १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये हाम्बुर्गचा नंबर लागला. (मुंबईचा क्लब १९२९ चा, म्हणजे हाम्बुर्गच्या मागे दोनच वर्षं. हे अण्णांना भारी आवडलं.)

हाम्बुर्गच्या क्लबचा पहिला अध्यक्ष होता विल्हेल्म कूनो, हापाग या अवाढव्य जहाज कंपनीचा प्रमुख आणि जर्मनीचा माजी चॅन्सेलर. १९२३ च्या ऑगस्टपर्यंत, नोटांची किंमत झपाट्यानं मातीमोल होत असताना, देशाचा कारभार ह्याच्याच हातात होता. एवढ्यावरून क्लबात कोण असायचं याची कल्पना यावी. बँकेचे संचालक, विद्यापीठातले प्राध्यापक, कारखानदार, मोठ्या रुग्णालयांचे प्रमुख, एखादा ऑपेराचा संचालक. नियम असा की एका व्यवसायाचा एकच माणूस. गावात चार नोटरी असतील तर एकालाच जागा, आणि तीही अर्ज करून नाही. आतल्यांनी बोलवायला हवं. आठवड्यातून एकदा चांगल्या हॉटेलात दुपारचं जेवण, त्यावर कुणाचं तरी वीसेक मिनिटांचं भाषण. रक्तदान, वह्या-वाटप, दवाखान्याला खाटा, हे आपल्याकडचं रोटरीचं रूप त्या काळच्या जर्मन क्लबांत शोधू नये. त्यांचा भर ओळखीपाळखी, विचारांची देवाणघेवाण आणि देशादेशांतली मैत्री यांवर होता. मैत्री हा शब्द त्यांच्या कागदांत उठता-बसता येतो.

१९२८ मध्ये म्युनिकचा क्लब निघाला. स्थापनेपासूनच्या सदस्यांत कादंबरीकार थॉमस मान होता. पुढच्या वर्षी त्याला नोबेल मिळालं. असा सदस्य म्हणजे कुठल्याही क्लबाच्या कपाळावरचा टिळा. मान हे सगळं मनापासून करायचा असं दिसतं. १९३० साली हेगला रोटरीची युरोपीय परिषद भरली तेव्हा तिथेही तो बोलला होता. १९३२ मध्ये पॉल हॅरिस स्वतः युरोपात फिरायला आला आणि बर्लिनला टेम्पलहोफमध्ये त्यानं मैत्रीचं झाड लावलं. पुढे जगभर त्यानं अशी झाडं लावली, त्यांतलं हे पहिलं. त्याच वर्षी तिकडे शिकागोत हर्बर्ट टेलर नावाच्या एका रोटरियननं, डबघाईला आलेली अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांची कंपनी सावरताना, चार प्रश्न लिहून काढले. हे सत्य आहे का? सर्वांना न्याय्य आहे का? यानं सद्भाव आणि मैत्री वाढेल का? हे सर्वांच्या हिताचं आहे का? आमच्या घरी हा तक्ता कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता. आई चिडली की दार उघडून दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवायची.

आता १९३३. ह्या वर्षीच्या तारखा जरा सावकाश वाचायला हव्यात.

३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला. १० फेब्रुवारीला माननं म्युनिकच्या विद्यापीठात संगीतकार रिचर्ड वाग्नरवर व्याख्यान दिलं, आणि दुसऱ्या दिवशी बायकोबरोबर दौऱ्यावर निघाला. अ‍ॅमस्टरडॅम, ब्रसेल्स, पॅरिस, मग स्वित्झर्लंडमध्ये विश्रांती. मधल्या काळात संसदेची इमारत जळली, धरपकड सुरू झाली, आणि मुलांनी कळवलं की येऊ नका. मान नाझींच्या विरोधात उघड बोललेला होता. बायको कातिया ज्यू घराण्यातली. १ एप्रिलला देशभर ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला, खाकीतली पोरं दारांत उभी राहिली. ७ एप्रिलला ज्यू आणि विरोधी मतांच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा आला.

आणि या दोन्हींच्या मधे, ४ एप्रिलला, म्युनिकच्या रोटरी क्लबनं थॉमस मानला कळवलं की सदस्यांच्या यादीतून आपलं नाव काढण्यात आलं आहे.

कायदा अजून व्हायचा होता, आणि जो झाला तोही सरकारी नोकरांसाठी होता, जेवणाच्या क्लबासाठी नाही. ही माणसं स्वतःच एका खोलीत बसली, यादी काढली आणि त्यावर रेघा मारल्या. मानबरोबर आणखी काही नावं गेली, ज्यूंची आणि राजकीयदृष्ट्या नकोशा झालेल्यांची. पत्र मिळालं तेव्हा मान स्वित्झर्लंडमध्ये होता. घर, हस्तलिखितं, बँकेतले पैसे, सगळं म्युनिकला अडकलेलं. तरी या चार ओळींच्या पत्राची त्यानं रोजनिशीत नोंद केली आहे. त्याला हे खरंच अनपेक्षित होतं. पुढे १६ एप्रिलला म्युनिकच्या प्रतिष्ठितांनी वर्तमानपत्रात त्याच्याविरुद्ध मोठा निषेध छापला, संगीतकार रिचर्ड श्ट्राउससकट पुष्कळांच्या सह्यांनिशी. तो जास्त प्रसिद्ध आहे. मला मात्र क्लबचं पत्र अधिक झोंबतं. निषेधात निदान राग आहे. हे पत्र म्हणजे वर्गणी थकलेल्या माणसाला पाठवतात तसलं.

बाकीच्या शहरांतून थोड्याफार फरकानं हेच झालं. कुठे ज्यू सदस्यांना काढलं, कुठे त्यांनी स्वतःहून राजीनामे द्यावेत असं सुचवलं आणि दिल्यावर आजवरच्या सहकार्याबद्दल आभार मानले. काही ठिकाणी ज्यू नसलेले सदस्यही मित्रांबरोबर बाहेर पडले; अशी माणसं होती, हेही सांगायला हवं. पण ती थोडी. बहुतेकांचा हिशेब असा की थोडं वाकलं तर क्लब वाचेल. त्यांनी नव्या राजवटीच्या अधिकाऱ्यांशी बोलणी केली, आम्ही फ्रीमेसनसारखी गुप्त संघटना नाही हे परोपरीनं पटवलं, नाझी पक्षाच्या सदस्यांना क्लबात घेतलं. शिकागोच्या मुख्य कार्यालयाचं धोरण होतं की कुठल्याही देशाच्या राजकारणात पडायचं नाही. तेही नेमानं पाळलं गेलं.

याचं फळ काय मिळालं? चार वर्षं. १९३७ च्या उन्हाळ्यात नाझी पक्षाच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की पक्षाचा सदस्य रोटरीत राहू शकत नाही. सरकारी नोकरांनाही तसाच हुकूम गेला. देशाबाहेरच्या संघटनेशी नाळ जोडलेली, ही गोष्ट त्या राजवटीला शेवटपर्यंत पचली नाही. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जर्मन क्लबांनी स्वतःला विसर्जित केलं. ऑस्ट्रियातले पुढच्या मार्चमध्ये जर्मनीनं तो देश गिळल्यावर गेले, इटलीतले १९३८ च्या अखेरीस.

प्राध्यापकांनी सांगितलेली एक गोष्ट मला राहून राहून आठवते. बंद झालेल्या क्लबांचे कागद नाझींनी जप्त केले. इतिवृत्तं, पत्रव्यवहार, याद्या, सगळं. ते पुढे पूर्व जर्मनीतल्या मेर्सेबुर्गच्या दप्तरखान्यात पडून राहिले आणि जर्मनी एक झाल्यावर बर्लिनच्या डालेम भागातल्या प्रशियाच्या जुन्या सरकारी अभिलेखागारात आले. म्हणजे कुणी कुणाला काय शब्दांत काढलं हे आज वाचता येतं ते जप्ती आली म्हणून. क्लबांच्याच कपाटांत कागद राहिले असते तर १९४५ च्या आधी किंवा नंतर त्यांचं काय झालं असतं, हे ज्यानं-त्यानं ठरवावं.

बायकांच्या क्लबांची गोष्ट याच काळातली, आणि ती फार कमी सांगितली जाते. रोटरीत बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून डॉक्टर, वकील, कलावंत अशा बायकांचे वेगळे क्लब निघाले. बर्लिनचा सोरॉप्टिमिस्ट क्लब १९३० चा. त्याची संस्थापक अध्यक्ष एडिथ पेरिट्झ ही ज्यू शल्यविशारद. १९३३ मध्ये तो क्लबच बंद झाला आणि पेरिट्झ पुढे अमेरिकेला गेली. हाम्बुर्गला १९३१ मध्ये झोंटा क्लब निघाला होता. तिथल्या बायकांनी आंतरराष्ट्रीय संघटनेतून आपलं नाव कागदोपत्री काढून घेतलं आणि एकमेकींच्या घरी गुपचूप भेटत राहिल्या, युद्धातसुद्धा. ना पाटी, ना हॉटेल, ना इतिवृत्त. पुरुषांच्या क्लबांनी संस्था टिकवायला माणसं सोडली. या बायकांनी नेमकं उलटं केलं. अर्थात त्यांच्याकडे गमावण्यासारखी प्रतिष्ठा कमी होती, असं कुणी म्हणेल. आमच्या टेबलावर एक जण तसं म्हणालाही. मालकीणबाईंनी त्याच्याकडे न बघता मीठ मागितलं.

युद्धानंतर जुनी मंडळी पुन्हा जमू लागली, पण रोटरी इंटरनॅशनलनं त्यांना १९४९ पर्यंत थांबवून ठेवलं. त्याच वर्षी कवी गटेच्या जन्माच्या द्विशताब्दीसाठी थॉमस मान सोळा वर्षांनी जर्मनीत आला, म्युनिकलाही येऊन गेला. राहायला मात्र परत आला नाही. शेवटी स्वित्झर्लंडमध्येच स्थायिक झाला आणि १९५५ मध्ये झुरिकला वारला. लायन्सचं प्रकरण सोपं. १९४८ मध्ये स्टॉकहोम आणि जिनिव्हाला युरोपातले पहिले क्लब निघाले, १९५१ मध्ये ड्युसेलडॉर्फला जर्मनीतला पहिला. त्यांच्या मागे नाझी काळाचं दप्तर नव्हतं. लायन्सचं इथलं काम सामान्य माणसाला दिसतं ते डिसेंबरात. चोवीस खिडक्यांची नाताळची कॅलेंडरं विकतात, प्रत्येकावर नंबर असतो, रोजचे विजेते नंबर स्थानिक पेपरात येतात. मी दर वर्षी घेते आणि मला कधी साधा केक लागलेला नाही.

पुन्हा सुरू झालेल्या रोटरी क्लबांनी आपली जी गोष्ट सांगायला सुरुवात केली ती अशी: हिटलरनं आमच्यावर बंदी घातली. यात खोटं काही नाही. फक्त ती १९३७ पासून सुरू होते. पुढची कैक वर्षं जयंतीअंकांतून, स्मरणिकांतून हीच छापली गेली. १९३३ च्या जागी एखादं मोघम वाक्य, 'काळ कठीण होता' छापाचं. गेल्या काही वर्षांत मात्र इतिहासाचे अभ्यासक आणि काही रोटरियन मिळून डालेमचे कागद चाळून काढलेल्या सदस्यांची एकेकाची नावं गोळा करताहेत: कुठला क्लब, काय व्यवसाय, कधी काढलं, पुढे काय झालं. कुणी परदेशी निसटला, कुणी छावणीत मेला, कुणी त्याआधीच स्वतःला संपवलं. काही क्लबांनी ही नावं आपल्या बैठकीत मोठ्यानं वाचली. काहींना अजून हे 'जुनं उकरणं' वाटतं.

हे सगळं मी अण्णांना फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगत होते. अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत, क्लबला जाणं सुटलंय, पण जुन्या वार्षिक अहवालांचा गठ्ठा पलंगाखाली जपून आहे. मला वाटलं होतं ते रोटरीची बाजू घेतील. ते म्हणाले, "पत्र लिहिणारा सेक्रेटरी असणार बघ. ठराव अध्यक्षाचा आणि सही सेक्रेटरीची. मी पण होतो ना सेक्रेटरी."

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. गठ्ठा काढून बसले होते. पहिल्या वीस-बावीस वर्षांच्या सदस्यांच्या याद्या त्यांनी वाचून दाखवल्या: डॉक्टर, वकील, साखर कारखान्याचा चीफ इंजिनिअर, आडत दुकानदार, ठेकेदार. आडनावं ऐकता ऐकता मी गप्प झाले, कारण आमच्या गावातल्या कुठल्या गल्ल्यांतली माणसं त्यात आहेत आणि कुठल्या गल्ल्यांतलं कुणीच नाही हे मला घरबसल्या दिसत होतं. अण्णांनाही ते वाचतानाच दिसलं असावं.

"आमच्यात कुणाला काढायची वेळ आली नाही," ते म्हणाले. "ज्यांना काढलं असतं त्यांना आम्ही घेतलंच नव्हतं गं." मग ते लगेच माझ्या गुडघ्याबद्दल बोलायला लागले.

यावर मी काही लिहीत नाही. कृष्णाकाठच्या आमच्या गावाला डालेम नाही; आहे तो पलंगाखालचा गठ्ठा.

आज जर्मनीत रोटरीचे हजाराहून जास्त क्लब आहेत, सदस्य पन्नास हजारांच्या वर. कामं चांगली होतात, हे मी दुकानातून रोज पाहते. सुपरमार्केटच्या दारात उभं राहून गरिबांसाठी धान्य गोळा करणं, परदेशी पोरांना वर्षभर घरी ठेवून घेणं, निर्वासितांच्या भाषावर्गांना पैसे देणं. २०१५ मध्ये सीरियातून लोक आले तेव्हा आमच्या गावातल्या व्यायामशाळेत पहिल्या रात्री गाद्या पोचवल्या त्या याच क्लबानं, नगरपालिकेच्या आधी. पण दार अजून आतूनच उघडतं. अर्ज नाहीच, बोलावणं यावं लागतं. बायकांना घ्यायची परवानगी जागतिक रोटरीनं १९८९ मध्ये दिली, तीही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कान धरल्यावर. जर्मनीत फक्त पुरुषांचे क्लब त्यानंतरही दिमाखात चालत राहिले. आमच्या मालकीणबाईंचं नाव पहिल्यांदा पुढे आलं तेव्हा 'औषधविक्रेता' या व्यवसायाची जागा भरलेली आहे असं कारण दिलं गेलं. ते औषधविक्रेते म्हणजे त्यांचेच सासरे.

मालकीणबाई आता दुकान विकून मुलीकडे ब्रेमेनला चालल्या आहेत. त्यांनी माझं नाव सुचवलंय. गेल्या आठवड्यात क्लबचे अध्यक्ष, म्हणजे इथल्या बचत बँकेचे व्यवस्थापक, खोकल्याचं औषध घ्यायला आले आणि काउंटरवर वाकून हळू आवाजात विचारून गेले की मला आवडेल का. मी त्यांना उलट विचारलं, तुमच्या क्लबच्या भागात १९३३ पूर्वी जे सदस्य होते त्यांची नावं तुम्ही कधी वाचलीत का? ते म्हणाले, आमचा क्लब १९६० च्या दशकातला आहे, आमचा त्याच्याशी संबंध येत नाही. मी म्हटलं, ज्या क्लबानं तुम्हाला जन्म दिला तो तर जुना आहे. त्यावर त्यांनी पावती मागितली आणि म्हणाले की जानेवारीच्या बैठकीत विषय घेता येईल.

जानेवारीनंतर काय ते सांगेन, असं मी कळवलंय. आणि त्यांची बैठक मंगळवारी दुपारी साडेबाराला असते. दुकानाचे नवे मालक त्या वेळेला सुट्टी देतात का, तेही बघावं लागेल.